‘प्रश्न मांडला’ आणि ‘प्रश्न विचारला’ यात नेमका फरक काय?

साकवापलीकडे
बरेच दिवस एक शंका डोक्यात आहे. आमच्या आमदारांनी (विरोधी पक्षातले, नाव कशाला) मागच्या अधिवेशनात आमच्या वाडीच्या साकवाचा विषय काढला. तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच बातमी आली, ‘साकवाचा प्रश्न विधानसभेत मांडला’ आणि त्याखाली कार्यकर्त्याने जो कागद टाकला त्यावर छापलेलं होतं ‘तारांकित प्रश्न’. मग प्रश्न मांडला की विचारला? मराठीत प्रश्न म्हणजे उत्तर हवं असलेलं वाक्य पण आणि अडचण पण, तर सभागृहात यातला कुठला प्रश्न जातो?
(घाटावरच्यांसाठी: साकव म्हणजे व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, छोटा पूल. पूर्वी ओंडके टाकून करायचे, आता सिमेंटचा असतो तरी नाव तेच.)

अर्धाकप
सोपं आहे की. विचारतो तो एकाला, मांडतो तो सगळ्यांसमोर. पाट मांडतात, डाव मांडतात, दुकान मांडतात, अर्थसंकल्पसुद्धा मांडतात, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं पसरून ठेवायचं. विचारण्यात समोर उत्तर देणारा कोणीतरी ठरलेला लागतो, मांडण्यात तो असेलच असं नाही.

प्रूफवाला
अर्धाकप बरोबर आहेत पण सभागृहात याला नियमांची पण भानगड आहे. मी काही वर्षं पेपरच्या डेस्कवर होतो, तिथे आमच्या वरिष्ठांचा हट्ट असायचा की प्रश्नोत्तराच्या तासात ‘विचारला’, लक्षवेधीत (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) ‘मांडला’ आणि शून्य प्रहरात (ऐनवेळचे विषय काढायची वेळ) ‘उपस्थित केला’, अदलाबदल केली की कॉपी परत. तेव्हा वैताग यायचा, आता पटतं.

तारांकित म्हणजे ज्याच्यापुढे छापताना फुली असते तो, त्याला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, पण तास संपेपर्यंत त्यातल्या मोजक्यांचाच नंबर लागतो, उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर. आणि खरी मजा मूळ प्रश्नात नसतेच, ती उपप्रश्नात असते. मूळ प्रश्नाचं उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं, म्हणून विरोधी बाकावरचा मुरलेला सदस्य पहिला प्रश्न साधा ठेवतो आणि दारूगोळा उपप्रश्नासाठी राखतो.

आणखी एक शब्द बघा, ‘सूचना’. आपण म्हणतो सूचना म्हणजे सल्ला नाहीतर फलकावरची नोटीस. सभागृहात लक्षवेधी सूचना, कपात सूचना. त्यातली ‘लक्षवेधी’ तर इतकी वापरली गेली की सूचना गळूनच गेली आणि विशेषणाचं नाम झालं, आता आमदार फोनवर विचारतात, “माझी लक्षवेधी लागली का?” जशी एसटी फलाटावर लागते तशी. कपात सूचनेचं तर भारीच, लोकसभेत एखादं ठरावीक गाऱ्हाणं मांडायचं असेल तर त्या खात्याची खर्चासाठीची मागणी १०० रुपयांनी कमी करा अशी सूचना देतात. हजारो कोटींच्या मागणीतून १०० रुपये! पैसे कापायचे नसतातच, बोलायला निमित्त हवं असतं.

घाटावरची
गाऱ्हाणं शब्द आला म्हणून विचारते. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच, शेजारणीची पोरं आमच्या पोरांचं गाऱ्हाणं घेऊन येतात. कोकणात वेगळा अर्थ आहे ना?

आणि ‘निवेदन’ बद्दल पण लिहा कोणीतरी. आम्ही बचत गटाच्या बायका तहसीलमध्ये निवेदन देतो, हात जोडून. आणि टीव्हीवर ऐकते की मंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं. आमचं पण निवेदन, त्यांचं पण निवेदन??

प्रूफवाला
वा, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. शब्द तोच, क्रियापद बदललं की दिशा बदलते. खालचा वरच्याला निवेदन देतो, वरचा खालच्यांना निवेदन करतो. आणि आपला आमदार मधे उभा राहून ओरडत असतो की मंत्र्यांनी निवेदन करावं, निवेदन करावं. तुम्ही दिलेलं त्याच्या फाइलमध्ये असतं आणि त्याला दुसरं हवं असतं.

साकवापलीकडे
घाटावरची, हो, आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, देवाला. जत्रेला, कोणाच्या घरी काही कार्य असलं की, नवीन होडी पाण्यात सोडताना. एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन सुरू करतो, बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत, असं करत एकेकाची अडचण सांगत जातो आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” तक्रार असतेच त्यात, पण चिडून नाही, हक्काने.

गंमत म्हणजे विधानसभेत पण जुने सदस्य ‘अध्यक्ष महाराज’ म्हणूनच सुरू करतात. आमची आजी एकदा टीव्हीवर ते ऐकून गंभीरपणे म्हणाली होती, “ह्यो पण गाराणाच घालता हा, पण मागसून व्हय म्हाराजा कोण म्हणना नाय.”

अर्धाकप
आजीला दंडवत. मागून बाकं वाजवतात ना, तेच व्हय म्हाराजा.

जुनीवही
कोकणाचा विषय आहे तर बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांची नावं यायलाच हवीत, दोघेही राजापूरचे खासदार, आधी १९५७ पासून नाथ पै, मग १९७१ ते १९९१ दंडवते. त्यांच्या बाबतीत ‘मांडला’ हे क्रियापद कमी पडतं. कोकण रेल्वेचा प्रश्न मांडला नाही, लावून धरला. दंडवते तर मधे स्वतः रेल्वेमंत्री पण झाले १९७७ ला, तरी महामंडळ व्हायला १९९० उजाडलं आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावली १९९८ मध्ये. म्हणजे मांडणे, लावून धरणे, धसास लावणे, तडीस नेणे ही एकाच कामाची वेगवेगळी स्टेशनं आहेत आणि पेपरवाले पहिल्याच स्टेशनावर पेढे वाटतात (प्रूफवाले, राग मानू नका).

तसंच मृणाल गोरे. गोरेगावच्या पाण्यासाठी बायकांना घेऊन हंडे वाजवले म्हणून लोकांनीच ‘पाणीवाली बाई’ नाव ठेवलं, १९७२ ला आमदार झाल्या, १९७७ ला खासदार. सभागृहात आणि रस्त्यावर प्रश्न तोच, पण रस्त्यावर आपण म्हणतो ‘प्रश्नाला वाचा फोडली’ आणि आत म्हणतो ‘प्रश्न उपस्थित केला’. मला विचाराल तर उपस्थित करणे हा शब्द फारच गुळगुळीत आहे, हजेरीपटावरचा. शाळेत मुलगा उपस्थित असतो, त्याने अभ्यास केलाय असं त्यातून कुठे निघतं.

‘मार्गी लावणे’ आणि ‘निकाली काढणे’ यातही फरक करा हो. मार्गी लावला म्हणजे कामाला लागला, निकाली काढला म्हणजे फाइल बंद झाली, काम झालंच असेल असं नाही. कार्यअहवालात दोन्ही एकाच रकान्यात टाकतात, पाच वर्षांत किती प्रश्न ‘मार्गी लावले’ ते बघा आणि मग गावात जाऊन बघा.

घाटावरची
निकाली काढणे वरून आठवलं, कुस्ती निकाली होते. चितपट.

अर्धाकप
मूळ धागा राहिला की! साकवापलीकडे, उत्तर काय आलं ते टाका ना.

साकवापलीकडे
आलं ना. झेरॉक्स समोरच आहे. भाषा तीच ठरलेली. मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, आणि मग (१) अमुक वाडीकडे जाणारा साकव अतिवृष्टीत वाहून गेल्याने विद्यार्थी व रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने पाहणी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) पाहणी करण्यात आली असून अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

‘अंशतः खरे’ वाचून आधी खूप संताप आला आणि मग कळलं की ते चक्क बरोबर आहे, साकव अंशतःच वाहून गेलाय, आमच्या बाजूचा. पलीकडचा अर्धा शाबूत आहे.

प्रूफवाला
:) ‘प्रश्न उद्भवत नाही’चा अर्थ फक्त एवढाच की वरच्या उत्तरामुळे हा पोटप्रश्न लागू होत नाही. सगळीकडे तेच छापतात, वाईट वाटून घेऊ नका. बोलीत आपण ‘प्रश्नच येत नाही’ म्हणतो त्यातला जोर त्यात नसतो.

साकवापलीकडे
अर्थ तुम्हाला माहितीय, मलाही आता माहितीय. पण मी हा कागद आजीला वाचून दाखवला होता तेव्हा तिने तो ‘प्रश्न’ दुसऱ्या अर्थाने ऐकला. पाऊस चालू होता, भाऊ शाळेच्या पोरांना दोरी धरून पलीकडे सोडून नुकताच आला होता, भिजलेला. आजीने त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, ता परत वाच. मी परत वाचलं, प्रश्न उद्भवत नाही.

“मगे ह्यो भिजलो कशान?”

आमदारांबद्दल तिचं मत विचारलं तर म्हणाली, “इचारल्यान खरो. अजून मांडूक होयो.”