भरवसा कोणाचा: अंबाबाईचा की ठेवपावतीचा?

धागालेखक, प्रयाग चिखली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट आहे), तेव्हा आम्ही घर सोडले. माझ्या पिशवीत खरेदीखत आणि एका पतसंस्थेच्या ठेवपावत्या होत्या. आईने देव्हाऱ्यातला अंबाबाईचा टाक तेवढा ओच्यात बांधून घेतला होता. पावत्या कोरड्या राहिल्या, पण पुढे त्या पतसंस्थेने पैसे देणेच थांबवले आणि आठ वर्षांची बचत अडकली. मी त्या कागदांवर जसा विसंबलो तसा देवावर कधीच विसंबलो नव्हतो, हे मला तेव्हा उमगले. माणसाचा शेवटचा आधार देवच असावा, असे माझे ठाम मत झाले आहे. आपणा सर्वांचे काय म्हणणे आहे?

प्रतिसाद, राजारामपुरी

आपल्या नुकसानीचे वाईट वाटते, पण निष्कर्ष मला पटत नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना मात्र ते नाही. म्हणजे आपला भरवसा जगावर होता म्हणून पैसे बुडाले असे नाही, तर ज्या कागदावर तो ठेवला त्यामागे संरक्षण कोणते आहे हे पाहिले गेले नाही. शाहू महाराजांची अंबाबाईवर श्रद्धा होती, तरीही भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला त्यांनीच घेतले.

धागालेखक

धरण बांधू नये असे मी म्हटलेले नाही. परंपरा सांगते की तुकोबांनी घरातील कर्जखतांपैकी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. भावाला त्यांनी उपाशी ठेवले नाही, फक्त स्वतःचा आधार बदलला. आयुर्विमा महामंडळाने ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेतील वचन ब्रीद म्हणून घेतले आहे. योग म्हणजे जे नाही ते मिळणे आणि क्षेम म्हणजे जे आहे ते राखले जाणे. पण गीतेत हा भार भगवंत उचलतो तो अनन्यभावाने चिंतन करणाऱ्यांचा. तोच शब्द आपण आता हप्त्याच्या बदल्यात विकत घेऊ पाहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रतिसाद, नृसिंहवाडी

आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून दत्तमंदिरात शिरते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी लांबून लोक येतात. त्याच पाण्याची चाहूल लागताच उत्सवमूर्ती उंचावरील नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. पाण्याला हात जोडणारे आणि मूर्ती हलवणारे लोक एकच आहेत, आणि मूर्ती हलवल्याने कोणाची श्रद्धा उणी झाल्याचे मी लहानपणापासून पाहिलेले नाही. त्यामुळे हा वाद ‘हे की ते’ असा मांडणेच मला चुकीचे वाटते.

प्रतिसाद, राजारामपुरी

वाडीच्या सद्गृहस्थांशी मी सहमत आहे. धागालेखकांना मात्र एक विचारतो: उद्या आईंना रुग्णालयात न्यावे लागले, तर बिल कशातून भरणार?

धागालेखक

आईच्या आरोग्यविम्याचा हप्ता मी दरवर्षी भरतो आणि पुढेही भरीन. तरीही तो भरल्यानंतर मी रात्री हिशेब मांडत जागा असतो, आणि जिच्यासाठी भरला ती आई टाकापुढे निरांजन लावून शांत झोपते. मला तिच्यासारखे निश्चिंत व्हायचे आहे, आणि ते अधिक पावत्या जमवून साधेल असे मला वाटत नाही.

प्रतिसाद, राजारामपुरी

ते मलाही साधलेले नाही, हे मान्य करतो. माझे मत तरीही कायम आहे. पतसंस्थेविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार दिली आहे का? नसेल, तर पावत्यांच्या प्रती घेऊन या, अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.