चर्चा: मुंबईच्या आर्चडीकनचे पद – धर्मसेवा की सरकारी चाकरी?

दप्तरदार

मुंबईच्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या) चर्चमधील आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्माधिकारी, या पदाचा इतिहास आजवर बहुधा चर्चचा इतिहास म्हणून लिहिला गेला. माझ्या मते तो आधी महसुलाचा इतिहास म्हणून वाचला पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला एक बिशप आणि त्याच्या हाताखाली कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे एकेक आर्चडीकन नेमण्याचे ठरले. बिशपला वर्षाला ५,००० पौंड आणि प्रत्येक आर्चडीकनला २,००० पौंड वेतन मंजूर झाले, आणि ते हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावे असेही त्यातच नमूद झाले. चार अधिकाऱ्यांचे मिळून ११,००० पौंड झाले. याच कायद्यात प्रजेच्या शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपयांची तरतूद होती, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेवढीच रक्कम. बिशप आणि आर्चडीकन १८१४ मध्येच नेमले गेले. शिक्षणाच्या लाखाला मात्र १८२३ पर्यंत कोणी वाली मिळाला नाही. १८१८ नंतर पुणे, खानदेश आणि दक्षिण कोकण मुंबई इलाख्याला जोडले गेले, तेव्हा ज्या रयतेचा या चर्चशी काडीचाही संबंध नव्हता, तिच्या शेतसाऱ्यावरही हा भार आला. म्हणून हे पद धार्मिक कमी आणि सरकारी अधिक होते, असे मी म्हणतो.

भायखळा

आकडे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. पगार कुठून येत होता हे सांगितल्याने त्या पदावरच्या माणसाने काय केले हे कळत नाही. पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी उभी केली, आणि ती शहरातल्या लोकांच्या वर्गणीवर उभी केली. सरकारचा लाख रुपया कागदावर पडून होता, त्याच वर्षांत हे घडत होते, ही गोष्ट आपल्याच युक्तिवादातून निघते. या सोसायटीने पुढे देशी मुलांच्या शाळांकडेही लक्ष वळवले. त्यातून १८२२ मध्ये निराळी संस्था निघाली, तिच्या कामात सदाशिव काशिनाथ छत्रे आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी माणसे आली आणि मराठी क्रमिक पुस्तके छापली जाऊ लागली. सोसायटीची भायखळ्याची शाळा १९२५ मध्ये देवळालीला गेली, आणि ती आजही बार्न्स यांच्याच नावाने चालते. आणखी एक मुद्दा म्हणजे, मुंबईला १८३७ पर्यंत बिशपच नव्हता. कलकत्त्याचा बिशप समुद्रमार्गे क्वचितच इकडे येई, त्यामुळे चॅप्लिनांवर, म्हणजे सरकारी पगारी पाद्र्यांवर, देखरेख, चर्चची तपासणी आणि तक्रारींचा निवाडा हे सगळे आर्चडीकनलाच पाहावे लागे. पहिले बिशप टॉमस कार हे त्याआधी इथलेच आर्चडीकन होते.

दप्तरदार

बार्न्स यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण १८२२ च्या घटनेचा अर्थ आपण उलटा लावता आहात. १८१५ ची सोसायटी मुळात गरीब युरोपीय मुलांसाठी, विशेषतः सैनिकांच्या मुलांसाठी होती आणि तिचे शिक्षण अँग्लिकन पंथाच्या चौकटीत चाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या पाठबळाने देशी शाळांचे काम त्या चौकटीबाहेर काढावे लागले, तेव्हाच मराठी शालेय पुस्तकांना गती मिळाली. त्या पुस्तकांचे श्रेय छत्रे यांना आणि संस्थेचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांना द्यावे लागेल, आर्चडीकनच्या कचेरीला नव्हे.

नगरवाला

आपण दोघेही मुंबईच्या कोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या, भिंतीआडून पाहत आहात. माझे घराणे अहमदनगर भागातील मराठी ख्रिस्ती आहे, आणि आमच्या बाजूने पाहिले तर या पदाचा मोठा दोष त्याच्या वेतनात नव्हता. हे पद चॅप्लिनांसाठी घडले होते; चॅप्लिन छावणीतल्या गोऱ्यांसाठी होते; नगर-नाशिककडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या मिशनरी संस्थांच्या भरवशावर वाढल्या. नीळकंठशास्त्री गोरे यांच्यासारखा प्रकांड पंडित १८४८ मध्ये या चर्चमध्ये आला, तरी साऱ्या हिंदुस्थानात पहिला भारतीय अँग्लिकन बिशप होण्यास १९१२ साल उजाडले, तेही आजच्या तेलंगणातील दोर्नकलला, अझरिया यांच्या रूपाने. नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) १९२९ मध्ये झाला आणि १९३० मध्ये इथले चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले, तेव्हा कुठे बिशप निवडण्याचा अधिकार इकडे आला. महसुलाचा प्रश्न रयतेचा होता, हे खरे. पण ज्या ख्रिस्ती रयतेच्या नावाने हे पद मिरवले गेले, तिलाही त्यात शंभर वर्षे जागा नव्हती, हे आपल्या हिशेबात कुठेच आलेले नाही.

भायखळा

हा आक्षेप मला दप्तरदारांच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर वाटतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरीही, १९३० चा बदल बाहेरून लादला गेला नाही, याकडे लक्ष वेधतो. मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर यांनी हे चर्च सरकारच्या बंधनातून मोकळे व्हावे यासाठी आग्रह धरला होता. म्हणजे १८१३ ची ती गाठ सुटावी असे म्हणणारी माणसे त्याच व्यवस्थेच्या वरच्या पायरीवरही होती. सगळ्यांना एकाच खात्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते.

नगरवाला

पामर यांचे नाव अवश्य घ्यावे. मात्र मागणी करणाऱ्या बिशपाचे नाव नोंदले जाते आणि त्याच काळात खेड्यांतील मंडळ्या चालवणारे मराठी पाळक व शिक्षक निनावी राहतात, तोवर या पदाचा इतिहास अर्धाच लिहिला गेला आहे असे मी म्हणत राहणार.