मदत हवी आहे: थाई 'फिव सॉंग सी'ला मराठीत काय म्हणावं?

थायलंडमधला कातडीचा रंग आणि वर्ग यांवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे, शब्द अडलेत. 'खाव' म्हणजे गोरा, 'दाम' म्हणजे काळा, इथवर ठीक. (सूर चुकला की 'खाव'चा भात होतो!) गाडी अडते 'फिव सॉंग सी'पाशी. शब्दशः 'दोन रंगांची कातडी', म्हणजे ना गोरी ना काळी. 'सावळा' लिहिलं की आपल्याला विठोबा आठवतो, माया येते. थाई शब्दात ती नाही. 'निमगोरा'चं माप गोरेपणाकडे झुकतं.

दुसरा 'बान नोक', म्हणजे खेड्यातला, खेडवळ. इसानच्या, म्हणजे ईशान्येकडच्या लाओ बोलणाऱ्या शेतकरी-मजुरांना बँकॉकमध्ये यानेच हिणवतात. काळेपणा म्हणजे उन्हात राबणं, म्हणून बांधकामावरच्या बायका भर उकाड्यातही डोळे सोडून सगळा चेहरा फडक्याने झाकतात. 'गावंढळ'मध्ये रंग येत नाही, 'रापलेला'मध्ये तुच्छता येत नाही. जातिवाचक शब्द मात्र नकोत, अर्थच पालटतो.

श्रीमंत वर्तुळासाठीचा 'हायसो' तसाच ठेवावा का? आणि २०१६ साली ओरड झाल्यावर मागे घेतलेल्या, गोरं करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातीतलं 'खॅ खाव को छना': 'नुसतं गोरं असलं की जिंकलात' फार मिळमिळीत वाटतंय. जाहिरातीत शोभेल असं काही सुचतंय का?