मदत हवी आहे: सातवी-आठवीच्या मुलांना व्यवहार शिकवतोय, पण कर्जाचा विषय कसा काढावा? (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार मंडळी,

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. सहकारी बँकेत २९ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. जूनमध्ये गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "ताई, शनिवारी तासभर पोरांना बँक, धंदा, बाजार यातलं काही सांगाल का?" एकटीनं जाण्यापेक्षा मी गावातलीच माणसं गोळा केली. बेदाणा शेडवाले एक काका, अडत दुकानात दिवाणजी (हिशेब ठेवणारे) असलेले एक जण, बचत गटातून शेवया-पापड विकणाऱ्या वहिनी आणि गॅरेजवाला एक तरुण पोरगा. सगळे आपला वेळ काढून येतात, कुणी एक रुपया घेत नाही.

सुरुवात फार छान झाली. काकांनी पहिल्याच तासाला सांगितलं की साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा हातात येतो. मग द्राक्ष कोणत्या भावाला हिरवंच विकायचं आणि भाव कुठवर घसरला की बेदाण्यासाठी शेडवर वाळायला टाकायचं, हे पोरांनी स्वतः फळ्यावर मांडलं. वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायला लागणारं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट, मजुरी, शेडचं भाडं, कोल्ड स्टोरेजचं भाडं... खर्चाची एकेक बाब पोरंच सांगत होती. गणितात कच्चा म्हणून मागं बसणारा एक मुलगा उठून म्हणाला, "बॉक्सचं धरलंच न्हाई की काका!" पंधरा किलोच्या बॉक्सचा खर्च खरंच राहिला होता.

चूक झाली ती चौथ्या तासाला, माझ्या हातून. मी घरचा अभ्यास दिला: महिन्याचा घरचा जमाखर्च लिहून आणा. पुढच्या शनिवारी निम्म्या वह्या कोऱ्या. एका मुलानं फक्त 'जमा: काही नाही' एवढंच लिहिलं होतं. सोमवारी एका मुलीची आई शाळेत आली. आवाज चढवला नाही तिनं, एवढंच म्हणाली, "बाई, आमच्या घरातली उधारी वर्गात कशाला वाचायची?" तिचं बरोबर होतं. मी हात जोडून माफी मागितली. पण तेव्हापासून मनाला चैन नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. म्हणजे दोनदा बागेत पैसा ओतायचा आणि माल विकून पैसा यायचा तो फेब्रुवारी-मार्चच्या पुढं. मधले सगळे महिने गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, दुकानदाराची उधारी, अडत्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) यांवर निघतात. फुलोऱ्यात पाऊस झाला किंवा काढणीच्या तोंडावर गारा पडल्या की वर्षाचं गणित एका दुपारी मोडतं. त्यामुळे कर्ज हा शब्द इथल्या पोरांनी पुस्तकाआधी घरात ऐकलेला असतो, तोही दबक्या आवाजात.

म्हणूनच तो धडा गाळणं मला पटत नाही. सातवीच्या गणितात सरळव्याज आहेच. पण 'शेकडा तीन' म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के, हे कुणी फोड करून सांगत नाही. दहा हजारांवर सोसायटीच्या ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ७०० रुपये, शेकडा तीननं ३,६००. बँकेच्या काउंटरवर बसून मी मोठी माणसं यात फसलेली पाहिली आहेत. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळलं तर घरातलं कुणीतरी एकदा कमी फसेल, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातल्या भाच्यानं अमेरिकेतल्या ज्युनिअर अचीव्हमेंट या संस्थेबद्दल सांगितलं. १९१९ पासून चालू आहे. व्यापार-उद्योगातली माणसं स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवतात, मुलं छोटी कंपनी काढतात, शेअर विकतात, माल करून विकतात आणि शेवटी कंपनी गुंडाळून हिशेब देतात. (त्याच १९१९ मध्ये इकडे कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेला माणूस तो. व्यवहार आणि शाळा त्यांना कधी वेगळी वाटली नाहीत.) कंपनीची कल्पना आवडली, पण शेअरचे दहा रुपये ज्याला घरी मागता येत नाहीत त्या मुलाचं काय?

तर विचारायचं ते हे. कुणाच्या घरावर बोट न ठेवता कर्ज आणि तोटा कसा शिकवायचा? भांडवल कुठून आणायचं? आणि आमचे दिवाणजी फळ्याशी उभे राहिले की भाषणच सुरू होतं, त्यांना दुखावल्याशिवाय कसं सांगू?

---

माणदेशी: ताई, मी म्हसवडकडची, बचत गटांचं काम करते. घरचा हिशेब मुलांकडून कधीच मागू नका. कागदावर एक कुटुंब तयार करा: एक एकर बाग, दोन मुलं, एक म्हातारी. नाव मुलांनाच ठेवू द्या. मग चिठ्ठ्या काढा: गारा, आजारपण, भाव पडला, भाव चढला. मुलं आपलं दुःख त्या कुटुंबाच्या नावानं बोलतात आणि उपायही सांगतात.

दुसरं, आयांना बोलवा. इथं १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली, त्याआधी बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून बँकेचा परवाना नाकारला होता. व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो म्हणून त्याच बायका उभ्या राहिल्या. तुमच्याकडं आलेल्या त्या आईला हिशेब नक्की कळतो. तिलाच विचारा काय शिकवावं.

येरळाकाठ: मी शिक्षक आहे. शेअर नकोच. सुरुवातीचं भांडवल तुम्ही पाचजणांनी उसनं म्हणून द्या, वर्गाच्या नावावर, आणि ते फेडायला लावा. कर्ज शिकवून होतं आणि कुणाच्या घरी हात पसरावा लागत नाही. दिवाणजींना जुनी पट्टी (माल विकल्याच्या हिशेबाचा कागद) घेऊन यायला सांगा, शेतकऱ्याचं नाव झाकून. वजन, दर, हमाली, तोलाई. पट्टी हातात असली की माणूस भाषण करत नाही, दाखवत बसतो.

दंडोबा: मला हे पटत नाही. बारा-तेरा वर्षांच्या लेकरांच्या डोक्यावर कर्ज कशाला? बचत शिकवा, पुरे.

धागाकर्ती: दंडोबा, तुमची काळजी कळते. पण ओझं त्यांच्या डोक्यावर आधीच आहे, घरात रात्री चाललेलं बोलणं ती ऐकतात. आकडा कळला तर निदान भीती तरी मोजता येईल.

माणदेशी ताई आणि गुरुजी, तुमचं ऐकलं. काल वर्गात 'जाधवांचं घर' तयार झालं. गारांची चिठ्ठी निघाली तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग कोऱ्या वहीचाच एक मुलगा म्हणाला, "आधी सोसायटीत जाऊन मुदत वाढवून मागायची. लपून बसायचं न्हाई." भांडवलाचे ५०० रुपये आम्ही पाचजणांनी काढलेत, दिवाळीआधी मुलं बेदाण्याच्या पाव किलोच्या पुड्या करून विकणार आहेत.

त्या आईकडंही जाऊन आले. वर्गात यायला ती तयार नाही, पण चहा देताना म्हणाली, "एवढं तरी शिकवा पोरांना, पैसे फेडले की पावती घ्यायची. आमच्याकडं दोनदा फेडून झालंय."

पुढचा शनिवार पावतीचा. कुणाकडं जुन्या पावत्या, पासबुकाची पानं, परतफेडीचे दाखले असतील तर नाव-नंबर झाकून फोटो इथं टाकाल का?