मदत हवी आहे : नव्या संहितेत युनियनच्या मान्यतेसाठी ५१ टक्के गाठायचे कसे?

नमस्कार मंडळी,

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पर्मनंट ऑपरेटर आहे आणि आमच्या युनियनच्या कमिटीवर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका. इथे युनियन चालवलेले, लेबर कोर्टात वकिली करणारे आणि एचआरमधलेही लोक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) साधारण ४०० कामगार आहेत. त्यातले १८० पर्मनंट, बाकीचे २२० फिक्स्ड टर्मवाले, म्हणजे ठराविक मुदतीसाठी नेमलेले. ठेकेदाराची पोरं आणि अप्रेंटिस यात धरलेले नाहीत. आमच्या युनियनचे सभासद १५० च्या आसपास, बहुतेक पर्मनंटच. दुसरी एक युनियन आहे, तिचे ९० सभासद. ती मॅनेजमेंटनेच उभी केली असं शॉपमध्ये कुणालाही विचारलं तरी सांगेल. फिक्स्ड टर्मवर नवा मुलगा आला की पीएफच्या कागदांबरोबर त्या युनियनचा फॉर्मही त्याच्यापुढे ठेवला जातो. पहिल्याच दिवशी नाही म्हणायची छाती कुणाची होणार?

आम्ही इतके दिवस युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथा यांच्याबद्दलच्या १९७१ च्या राज्य कायद्याच्या, म्हणजे एमआरटीयू अँड पल्पच्या, हिशोबाने चाललो होतो. अर्जाच्या आधीचे सहा महिने ३० टक्के सभासद टिकले असले की औद्योगिक न्यायालयात मान्यतेसाठी, म्हणजे मालकाने आपल्याशी वाटाघाटी कराव्यात यासाठी, जाता येतं. ४०० चे ३० टक्के म्हणजे १२०. आमचे १५० आहेत. वर्गणीच्या पावत्या, सभासद रजिस्टर, सगळं तयार होतं. तेवढ्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणारी एकमेव युनियन व्हायचं तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. म्हणजे आम्हाला २०४ हवेत. आमचा झाडून सगळा पर्मनंट वर्ग एका बाजूला आला तरी १८० वरच थांबतो.

खरी गोम इथे आहे. फिक्स्ड टर्मवाले मस्टरवर असल्यामुळे मोजणीत येतात, पण सभासद व्हायला सगळ्यात जास्त तेच घाबरतात. मुदत संपल्यावर त्याला पुन्हा घेतलं नाही तर कायद्याच्या भाषेत ती कामगार कपात ठरतच नाही, फक्त मुदत संपली एवढंच. भांडायचं कशावरून? गेल्या महिन्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस स्टॉपवर मी एका मुलाला फॉर्म दिला. लातूरकडचा, आयटीआय झालेला, प्रेस शॉपला माझ्या शेजारच्याच मशीनवर असतो. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "दादा, यावर टोकन नंबर लिहायलाच पाहिजे का?" मी हो म्हटलं. टोकन नंबरवरूनच कंपनीत कामगार ओळखला जातो. त्याने फॉर्म नीट घडी घालून मला परत दिला. तो आमच्या विरोधात नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बोनसच्या वेळी तोच पुढे होता.

एक स्पष्ट करतो. कायद्याने युनियनला मान्यता द्यावी याला आमचा विरोध नाही, उलट ती मागणी आपलीच आहे. १९२६ च्या कायद्यात नुसती नोंदणी होती, मालकाने युनियनशी बोललंच पाहिजे असं बंधन नव्हतं. मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी १९४३ मध्ये सक्तीच्या मान्यतेचं विधेयक आणलं होतं. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली, पण ती कधी अमलात आणली गेली नाही. इतक्या वर्षांनी केंद्राच्या कायद्यात मान्यता आली, तर ती आमच्यासारख्यांच्या हाती लागावी अशीच इच्छा आहे.

आता अडचण सांगतो. आमचा अर्ज १९७१ च्या कायद्याखाली दाखल करावा की संहितेखाली दावा करावा? कोणालाच ५१ टक्के नसतील तर युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद होते म्हणतात, तिचा आम्हाला उपयोग किती? आणि फिक्स्ड टर्मच्या पोरांना धोक्यात न घालता त्यांचा पाठिंबा दाखवायचा काही मार्ग आहे का? आमच्या कराराची मुदत संपत आली आहे, मागणीपत्र द्यायचं आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

प्रतिसाद : अंबडकर काका

भाऊ, मी नाशिकला अंबडमध्ये युनियनचा सरचिटणीस होतो, आता निवृत्त आहे. कायद्याचं वकील मंडळी सांगतील, मी अनुभवाचं सांगतो.

कागदावरचा पाठिंबा आणि कामगारांच्या मनातला पाठिंबा यात फरक पडला की काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा रद्द करण्याची. कारण त्या कायद्याने प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगार उभे होते संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायला मालक कायद्याने बांधलेलेच नव्हते. घरंच्या घरं बसली त्यात. माझा मामा लालबागला होता, त्याचं कुटुंब कायमचं गावी परतलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की गुप्त मतदान मागा. पावत्या आणि रजिस्टर तपासणीत नावं उघडी पडतात. मतपेटीत टोकन नंबर नसतो. तुमचा तो लातूरचा पोरगा तिथे बरोबर शिक्का मारेल.

आणि फिक्स्ड टर्मच्या मुलांचा एखादा प्रश्न हातात घ्या. कॅन्टीन, बस, सेफ्टी शूज, ओव्हरटाइमचा दर. त्यांच्या कामाचं आधी काही करून दाखवा, फॉर्म नंतर.

---

प्रतिसाद : अ‍ॅड. कोथरूड

औद्योगिक न्यायालयात कामगारांच्या बाजूने वकिली करते. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट सुटली आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ५१ टक्क्यांची अट एकापेक्षा जास्त नोंदणीकृत युनियन असतील तेव्हाची आहे. कारखान्यात एकच युनियन असेल तर नियमांत ठरवलेल्या निकषांवर मालकाने तिला मान्यता द्यायची, अशी वेगळी तरतूद आहे. म्हणजे ती दुसरी युनियन उभी राहिली म्हणूनच तुम्ही ५१ च्या फेऱ्यात आलात.

परिषदेचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडते. किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनना परिषदेत जागा मिळते. दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी आणि उरलेल्या हिश्शाचा विचार वेगळा. तुमचे १५० म्हणजे साडेसदतीस टक्के, त्यांचे ९० म्हणजे साडेबावीस. उरलेला हिस्सा धरा किंवा सोडा, दोघांच्या जागा सारख्याच येतात. आणि परिषदेत करार झाला असं केव्हा म्हणायचं, तर प्रतिनिधींचं बहुमत असेल तेव्हा. दीडशे सभासदांच्या युनियनला नव्वदांची युनियन अडवून धरू शकते. मात्र तुम्ही १६० च्या वर गेलात की तुमचे दोन पूर्ण वीस टक्के होतात. ५१ दूर वाटत असेल तर पहिला टप्पा हा ठेवा.

दोन कायद्यांबद्दल. संहितेने रद्द केलेले कायदे तीन आहेत आणि तिन्ही केंद्राचे : १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. आपला १९७१ चा राज्य कायदा त्या यादीत नाही. पण विषय समवर्ती सूचीतला आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, आणि राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी जिथे विसंगत ठरेल तिथे घटनेच्या कलम २५४ प्रमाणे सर्वसाधारणपणे केंद्राचा चालतो. मान्यतेच्या टक्केवारीवर समोरचा वकील हाच मुद्दा घेणार हे गृहीत धरा. माझा सल्ला असा की तयार झालेला अर्ज बासनात बांधू नका, पण नुसत्या त्याच्यावर विसंबूही नका. पावत्या, रजिस्टर, सह्या अशा ठेवा की दोन्हीकडे चालतील.

पुढचं आजच करा. मालकाने आपल्या सोयीची युनियन उभी करणं ही १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे आणि संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. जॉइनिंगच्या कागदांत तो फॉर्म येतो ना? त्याची प्रत मिळवा, कोणत्या तारखेला, कोणाच्या टेबलावर सही घेतली ते लिहून ठेवा. १९७१ च्या कायद्यात तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका.

गुप्त मतदानाबद्दल काकांशी सहमत. पडताळणीची पद्धत संहितेने नियमांवर सोडली आहे. पण फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाने सभासदसंख्या ठरवण्याची पूर्ण कार्यपद्धती घालून दिली होती. तिचा आधार घेऊन लेखी मागणी करा.

---

प्रतिसाद : प्लांट एचआर

मी दुसऱ्या बाजूचा आहे, तरी प्रामाणिकपणे लिहितो. पूर्वीच्या माझ्या प्लांटमध्ये चार युनियन होत्या. एकीशी करार केला की दुसरी कोर्टात, तिसरी गेटवर. तीन वर्षं पगारवाढ लटकली, नुकसान कामगारांचंच झालं. एका युनियनशी बोलायचं आणि तिच्यामागे निम्म्याहून जास्त लोक असावेत, यात मला गैर वाटत नाही. फिक्स्ड टर्मवाल्यांना पर्मनंटइतकेच फायदे आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही याच संहितांमध्ये आलं आहे.

एक सावधगिरी. निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजेवर गेले तर तो आता संप धरला जातो, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. पूर्वी "सामुदायिक रजा" हा सोपा मार्ग होता. चिडून तो धरू नका.

---

प्रतिसाद : मिशिगनवाला

मूळचा पिंपरीचा, आता डेट्रॉइटजवळ ऑटो क्षेत्रातच. इथे हाच वाद उलटा आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. अमेरिकेत युनियन हवी म्हणणाऱ्या ३० टक्के कामगारांच्या सह्यांची कार्डं जमली की सरकारी बोर्डाकडे निवडणूक मागता येते, आणि झालेल्या मतांचं बहुमत पुरतं. जो मत द्यायला आलाच नाही तो विरोधात धरला जात नाही. तुमच्याकडे मोजमाप अख्ख्या मस्टरवर आहे, हा मोठा फरक.

इथल्या युनियनना मात्र मतदानाऐवजी कार्डांवरच मान्यता हवी होती. तसं विधेयक २००७ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं; २००९ मध्ये पुन्हा आणलं, तेव्हाही पार पडलं नाही. युनियनचं म्हणणं असं की मतपेटी गुप्त असली तरी अर्ज आणि मतदान यांच्या मधल्या दिवसांत कंपनी कामगारांना सक्तीने बैठकांना बसवते आणि घाबरवते. टेनेसीतल्या फोक्सवॅगनच्या प्लांटमध्ये युनियन २०१४ ला हरली, २०१९ ला हरली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये जिंकली. तेव्हा गुप्त मतदान जरूर मागा, पण तारीख लवकरची मागा.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वकील ताई, दुसरी युनियन असण्याचा आणि ५१ टक्क्यांचा संबंध आमच्या कमिटीत कुणाच्याच लक्षात आला नव्हता. ती नोंदवायची एवढी घाई का झाली हे आता कळलं. उद्याच्या बैठकीत १६० चा टप्पा आणि जॉइनिंगच्या फॉर्मचे पुरावे, हे दोन विषय आधी घेतो.

एचआर साहेब, एकाच युनियनशी बोलावं हे मलाही पटतं. फक्त ती कोणती हे कामगाराने न घाबरता ठरवावं, एवढंच मागणं आहे. तुमच्यासारखी माणसं मॅनेजमेंटमध्ये गुप्त मतदानाच्या बाजूने बोलली तर फार मोठी मदत होईल. रजेबद्दलची सूचना नोटीस बोर्डावर लावतो.

काका, बसचा प्रश्न आहेच. फिक्स्ड टर्मवाल्यांना थर्ड शिफ्टची बस मिळत नाही, ते मध्यरात्री शेअर रिक्षाने येतात. मागणीपत्रात हा मुद्दा आता पहिला टाकतो.

अजून एक विनंती. सहाय्यक कामगार आयुक्तांकडे गुप्त मतदानाची मागणी करणारं पत्र कोणी मराठीत दिलं असेल तर मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? कंपनीचं आणि युनियनचं नाव खोडून पाठवलं तरी चालेल. आणि वाटाघाटी परिषदेत बसायची वेळ कुणावर आली असेल, विशेषतः पुणे, नाशिक किंवा संभाजीनगर पट्ट्यात, तर पहिल्या बैठकीत विषयपत्रिका कोणी ठरवली तेवढं इथे जरूर लिहा.