‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची आपली ती प्रत: ज्यांच्या हातून गेली, त्यांनी लिहा

२००४ च्या उन्हाळ्यात मुलाखतीसाठी मुंबईला गेलो होतो. नोकरी मिळाली नाही, पण फाउंटनच्या फुटपाथवर टॉल्किनची ही कादंबरी मिळाली. तिन्ही भाग एकाच जाड खंडात, हजारावर पानं, १८० रुपये. तिच्यावरच्या तिसऱ्या सिनेमाला त्याच वर्षी ११ ऑस्कर मिळाले होते, त्यामुळं नाव कानावर होतं. परतीला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये उघडून बसलो आणि मिरज यायच्या आत कळून चुकलं, हे इंग्रजी आपल्याला झेपणारं नाही. आम्ही मराठी माध्यमाचे. एबीसीडी पाचवीत शिकलेले.

कोल्हापूरला घरी आल्यावर शब्दकोश घेऊन बसलो. अडलेला शब्द शोधायचा आणि समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायचा. आठ महिने लागले. मग एका मित्रानं मागितली. त्याला म्हटलं, नेऊन वाच, पण तुला जे अडेल त्याचा अर्थ तूही लिहून ठेव, पुढच्याला उपयोगी पडेल. प्रत फिरायला लागली ती अशी. नियम तीनच केले. अर्थ पेन्सिलीनंच लिहायचे. दुसऱ्याचा अर्थ चुकलेला वाटला तर खोडरबर लावायचं नाही, एक रेघ मारून शेजारी आपला लिहायचा. आणि पुस्तक हातातून हातात द्यायचं, कुरिअर नाही.

मागं तीन पानं कोरी होती. वाचून झालं की तिथं नाव आणि तारीख टाकायची. हे मला कादंबरीतूनच सुचलं. शेवटी कादंबरीचा नायक फ्रोडो आपल्या हकिकतीचं लाल पुस्तक त्याचा सोबती सॅम याच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्यानं शेवटची काही पानं कोरी ठेवलेली असतात. ती तुझ्यासाठी, असं तो सॅमला सांगतो. नावं कायमची राहावीत म्हणून ती मात्र शाईनं लिहा, असं मीच प्रत्येकाला बजावलं होतं.

२०१९ च्या पुरात ती नावं गेली. मला आठवून आठवून १९ झाली, पण वाचणारे त्याहून पुष्कळ होते. प्रत एकाकडून परस्पर दुसऱ्याकडं जायची, त्यातले कित्येक मी कधी पाहिलेलेही नाहीत. म्हणून हा धागा. इथं नाव लिहू नका. पेठ किंवा गाव, साल आणि काय आठवतं ते लिहा. नाव मी तुमच्याकडून समक्ष घेईन आणि नव्या पानावर तुमच्याच हातानं घालून घेईन. पेन्सिलीनं.

मंगळवार पेठ, २००९

माझ्याकडं प्रत आली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते. आयुष्यभर लग्नाकार्यात स्वयंपाक केलेला माणूस. पाचशे-हजार पानं उठवणारा आचारी, आणि आता त्यांना पेज भरवायला लागायची. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मी वाचायचे, तर एक दिवस म्हणाले, “काय आहे त्यात एवढं? सांग की मला.”

सांगायला लागले. बुटकी माणसं, त्यांची डोंगरातली घरं, जादूची अंगठी. त्यांना अंगठीत काही गोडी वाटेना. पण फ्रोडोबरोबर त्याचा माळी सॅम निघतो आणि पाठीवर स्वयंपाकाची भांडी घेतो, हे ऐकल्यावर उशी सरकवून बसले. “मीठ घेतलंय का त्यानं?” पुढं वाचलं तर खरंच त्याच्या गाठोड्यात मिठाची छोटी डबी निघाली. एवढे खूश झाले! म्हणाले, “मग तो पोचतोय बघ.”

तेव्हापासून रोज तेच विचारायचे, माळ्याचं काय झालं? ससा शिजवतो ते प्रकरण मी तीनदा सांगितलं. बटाटे नव्हते याची त्यांना सॅमइतकीच हळहळ. शेवटी मॉर्डॉरमध्ये, म्हणजे शत्रूच्या मुलखात, अंगठी जिथं नष्ट करायची तो डोंगर समोर दिसत असताना, ओझं पेलत नाही म्हणून सॅम सगळं सामान एका भेगेत फेकून देतो. भांडी खाली खणखणत जातात आणि त्या आवाजानं त्याचं काळीज तुटतं. ते मी त्या दिवशी सांगणारच नव्हते. पण त्यांनी ओळखलं. “टाकली? सगळी?” म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून कितीतरी वेळ पडून राहिले. आमच्या पोटमाळ्यावर त्यांचं एक पितळी पातेलं होतं, कल्हई उडालेलं. बाकी सगळी भांडी मोडीत गेली तरी तेवढं त्यांनी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते खाली काढायला लावलं आणि कल्हईवाल्याकडं पाठवलं.

त्या पानाच्या समासात मी अर्थ लिहिला नाही. ‘आण्णांना सांगितलं’ एवढंच आणि तारीख. पुरानंतर ते राहिलंय का, मला बघायचंय.

धागा काढणारा: ताई, राहिलंय. प्रत सध्या ज्यांच्याकडं आहे त्यांना आत्ताच बघायला लावलं. पान फुगलंय, पण अक्षर स्पष्ट आहे.

उद्यमनगर, २०१२

मी फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यांचे नमुने करायच्या खात्यात होतो. सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, त्यामुळं माझ्या पानांवर काळे अंगठे उठलेत, त्याबद्दल माफी. माझ्या आधी कुणीतरी ‘फोर्ज’ या शब्दापुढं ‘खोटी सही करणे’ असं लिहिलं होतं. शब्दकोशात तेही आहे, चूक त्यांची नाही. पण इथं अंगठी घडवल्याचं बोलणं चाललंय. मी रेघ मारून ‘भट्टीत तापवून घडवणे’ लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या इंग्रजी शब्दाबद्दल मला कॉलेजवाल्यापेक्षा जास्त माहिती होती. त्या रात्री घरी जाताना सायकल हलकी वाटत होती.

दुसरी गोष्ट. जादूगार गँडाल्फ अंगठी चुलीत टाकतो, चिमट्यानं बाहेर काढतो आणि फ्रोडोला म्हणतो, घे हातात, गार आहे. मग तिच्यावर जाळासारखी अक्षरं उमटतात. आम्ही बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततो ते १४०० अंशांच्या आसपास. ओतलेला जॉब तासन्‌तास हात लावू देत नाही. आगीतनं निघालेली वस्तू गार, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. राक्षस, भुतं यांची भीती वाटली नाही, पण हे वाईट आहे एवढं तिथंच पटलं. मी समासात लिहिलं, ‘हे होऊच शकत नाही.’ नंतर प्रत गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एकाकडं गेली. त्यांनी माझ्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘सोनं १०६४ अंशाला वितळतं. घरच्या चुलीत वितळणार नाही, पण गार? कधीच नाही.’ ते गुजरीवाले इथं असतील तर मला भेटायचंय.

सध्या पुणे, मूळचा शुक्रवार पेठेतला, २००७

तीन महिन्यांसाठी घेतलेली प्रत मी चौदा महिने ठेवली. नोकरी लागली, पुण्याला आलो, सामानात ती पण आली. फोन यायचे, मी टाळायचो. मग एका रविवारी पहिलं प्रकरण परत काढलं. फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडं होती तो बिल्बो घर सोडताना एकेकाला भेटी ठेवून जातो, त्यात एका नातेवाइकासाठी पुस्तकांचं कपाट आहे, रिकामं. तो पुस्तकं न्यायचा आणि परत द्यायचं नाव घ्यायचा नाही. त्याच रात्री स्वारगेटवरून एसटी पकडली. सकाळी सहाला राजारामपुरीत दार वाजवलं, तेव्हा तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, चहा टाकलात. माझं नाव त्या १९ मध्ये नसलं तरी चालेल. पण मी पूर्ण वाचली होती.

शिवाजी पेठ, २०१४

मला नाही आवडली. अंगठीचं काय करायचं ते ठरवायला एल्रॉन्ड नावाच्या सरदाराच्या घरी भरलेली ती बैठक संपता संपेना, तिथं सोडली. मला माणसांच्या गोष्टी लागतात. पण समासातली निरनिराळी अक्षरं शेवटपर्यंत चाळली. एकानं ‘मॅथम’ या हॉबिटांच्या, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीच्या, शब्दापुढं लिहिलंय, ‘उपयोग नाही पण टाकवत नाही अशी वस्तू. आमच्या आजीची ट्रंक.’ असल्या वस्तू ते भेट म्हणून एकमेकांत फिरवत राहतात म्हणे. तेवढं माझ्या लक्षात राहिलं. अर्धीच वाचली म्हणून तेव्हा सही केली नव्हती. आता करू का?

धागा काढणारा: करा. कुठवर वाचली ते पानही लिहा.

कदमवाडी, २०१६

मी अकरावीत होतो. (कोल्हापूरची पोरगी आहे, ‘होतो’च म्हणणार!) कॉलेज सुटल्यावर कावळा नाक्यावर बसची वाट बघत वाचायचो. समोर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा. राजाच्या भाचीचं, एओविनचं, प्रकरण मी तिथंच वाचलो. पुरुषाचा वेश घेऊन ती लढाईला आलेली असते. नाझगूलचा, म्हणजे शत्रूच्या काळ्या स्वारांचा, सरदार तिला म्हणतो, कुठलाही जिवंत ‘मॅन’ मला अडवू शकत नाही. माझ्या आधी कुणीतरी त्या शब्दापुढं ‘माणूस’ लिहून ठेवलेलं. पुढं ती हसते आणि सांगते, मी ‘मॅन’ नव्हेच, बाई आहे. आता ‘माणूस’ धरलं तर काय अर्थ लागणार? बाई माणूस नाही होय? मी दोन बस सोडलो, पण ‘माणूस’वर रेघ मारून ‘पुरुष’ लिहिलो. मग परत वाचलो आणि सगळं लख्ख झालं.

आता मी भाषांतराचीच कामं करतो. पहिलं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर तो एक शब्द सांगतो.

शाहूपुरी, २०१९

प्रत बुडाली ती माझ्याकडं. कुणी कधी विचारलं नाही, पण मला सांगायचंच होतं.

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. आमच्याकडं लोक पावसाळ्यात सकाळी उठल्यावर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतात, मग चहा. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या भागात पूर नवा नाही, त्यामुळं दरवेळी येतं तेवढंच येईल या हिशोबानं गहू-तांदूळ, कागदपत्रं, टीव्ही माळ्यावर टाकलं. प्रत भिंतीतल्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर होती, तिथवर पाणी कधीच आलेलं नव्हतं. रात्री बोटीतून बाहेर काढलं आम्हाला. सासूबाई, दोन मुलं आणि एक पिशवी.

आठवड्यानं दार उघडलं तर स्विचबोर्डाच्या वर पाण्याची रेघ. कपाटाचं दार फुगून बसलेलं, पहारीनं उचकटलं. पुस्तक उशीएवढं झालं होतं. मी चिखलात तशीच बसले. घरातलं काय काय गेलं होतं, फ्रिज, शिलाई मशीन, लग्नातले फोटो. पण ती वस्तू माझी नव्हती, लोकांची होती.

उन्हात टाकणार होते, तेवढ्यात भावानं अडवलं. उन्हात पानं वाकडी होतात आणि एकमेकांना चिकटतात. उजळाईवाडीला त्याच्याकडं वीज होती. तिथं पंख्याखाली सावलीत, दर दहा-पंधरा पानांनी रद्दी घालायची, ओली झाली की बदलायची. पहिले दोन दिवस तर तासातासाला. वहिनी आणि मी आळीपाळीनं उठायचो. पाठीचा डिंक सुटून पुस्तक तीन तुकड्यांत आलं. नंतर वाचलं की महायुद्धानंतर कागद महाग म्हणून १९५४-५५ मध्ये प्रकाशकांनीच ते तीन भागांत काढलं होतं.

वाळल्यावर धीर करून पानं उलटली. पेन्सिल जशीच्या तशी! ‘घडवणे’, ‘पुरुष’, ‘आजीची ट्रंक’, सगळं जागेवर. पेन्सिलीचं शिसं पाण्यात विरघळत नाही, शाई विरघळते. मागची तीन पानं निळी-जांभळी झाली होती, एक नाव वाचता येईना. माझ्या आधी कोण होतं हे मला पाठ होतं, तेवढंच राहिलं.

बाइंडरनं सांगितलं, सुटी पानं आहेत, जुजबंदी, म्हणजे घड्यांमधून शिवण, होणार नाही, दाभणानं भोकं पाडून कडेनं शिवतो. मग मशीनवर कडा छाटायला घेतल्या. मी ओरडलेच. कडेलाच तर सगळं लिहिलंय! त्यांनी चश्मा लावून दोन-चार पानं वाचली, मशीन थांबवलं आणि न छाटता पुठ्ठा घातला. म्हणून आपली प्रत अशी ओबडधोबड दिसते. शिलाईकडच्या समासातले काही अर्थ मात्र आत गेले, ते पुस्तक दाबून उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

नकाशाचं पान गेलं ते गेलंच. मूळ नकाशे टॉल्किनच्या मुलानं, क्रिस्टोफरनं काढलेले. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं, तो आर्किटेक्टकडं ड्राफ्ट्समन आहे, दुसऱ्या एका प्रतीवरून ट्रेसिंग पेपरवर नवा काढून दिला, नावं देवनागरीत. पाच महिने घेतले त्यानं. आधी कादंबरी वाचली, मगच पेन हातात घेतलं.

गुजरी, २०१३

उद्यमनगरचे साहेब, तो मीच. दुकानात या. सोनं वितळवायची मूस आणि भट्टी दोन्ही दाखवतो.

गडहिंग्लज, सध्या

आता प्रत माझ्याकडं आहे. रोज दहा पानं, मुलीसोबत. ती नववीत, इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी तिला अडत नाही, समासातलं मराठी अडतं. ‘कल्हई’ म्हणजे काय, ‘दाभण’ म्हणजे काय, असं विचारत तिनं हा धागा पण माझ्याकडून वाचून घेतला. काल तिनं माझ्या अर्थावर रेघ मारली. तिचा बरोबर होता.

आमची शेवटची चाळीस पानं उरलीत. पुढचा नंबर कुणाचा ते कळवा. येत्या शनिवारी कोल्हापुरात येतोय, संध्याकाळी सातला गंगावेशीत दूध कट्ट्यापाशी थांबतो. पुस्तक खाकी पिशवीत असेल. येताना पेन्सिल घेऊन या, आमची फार लहान झालीय.