‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ला मराठीत काय लिहायचं?

पेठेतली सून
शब्द विचारतेय, पण कारण घरातलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या धाकट्या जावेचं दोन वेळा पोट पडलं. नंतर डाव्या पोटरीत गुठळी निघाली. डॉक्टरांनी तीन तपासण्या लिहून दिल्या: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पहिली पॉझिटिव्ह आली, १२ आठवड्यांनी परत केली तरी पॉझिटिव्हच. रिपोर्टच्या खाली कुणीतरी पेनानं मराठीत लिहून दिलं होतं, "रक्त गोठण्यास विरोध करणारा घटक आढळला."

तिनं ते वाचलं आणि सरळ हिशेब केला: माझं रक्त मुळातच गोठत नाही, मग वर पातळ करायची गोळी कशाला? नऊ दिवस ॲसिट्रॉम बंद. कुणाला बोलली नाही. आयएनआर (गोळीचा परिणाम किती ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) खाली आला तेव्हा उघड झालं.

कोश काढून बघितला तर भाषांतरात चूक सापडत नाही. अँटि म्हणजे विरोधी, कोॲग्युलंट म्हणजे गोठवणारं. तरी वाचणारीनं नेमका उलटा अर्थ घेतला. मग काय लिहायला हवं होतं? डॉक्टरांनी मलाच म्हटलंय, चार ओळींचा कागद करून द्या, बाकीच्या पेशंटनाही देतो.

निळं टोपण
ताई, १४ वर्षं लॅबमध्ये आहे. लिहिणाऱ्यापेक्षा नावाचा दोष मोठा. हे १९५२ साली पहिल्यांदा ल्युपसच्या (अंगाची प्रतिकारशक्ती अंगावरच उलटते तो आजार) रोग्यांच्या रक्तात दिसलं. काचेच्या नळीत त्यांचं रक्त गोठायला फार वेळ लागायचा, म्हणून १९७२ मध्ये ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ हे नाव पडलं. पण ज्यांच्यात हे सापडतं त्यातल्या पुष्कळांना ल्युपस नसतोच. आणि अंगात हे गोठण थांबवत नाही, उलट गुठळ्या करतं. नावातले दोन्ही शब्द दिशाभूल करतात.

नळीत असं होतं: रक्त गोठायला फॉस्फोलिपिड नावाचा मेद लागतो, गोठवणारे घटक त्याच्यावर जमतात. हे ल्युपस अँटिकोॲग्युलंट म्हणजे प्रतिपिंडं, अंगानं स्वतःच्याच विरुद्ध केलेल्या अँटिबॉडी. ती तिथंच जाऊन चिकटतात, त्यामुळं घड्याळात वेळ वाढते. आम्ही निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) निम्मा मिसळून बघतो. एखादा घटक कमी असेल तर वेळ सुधारते, प्रतिपिंड असेल तर सुधारत नाही. मग जादा फॉस्फोलिपिड घालतो, तेव्हा वेळ आखडते. तिथं पक्कं होतं.

जावेची तपासणी गोळी चालू असताना झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्या गोळीनंही ह्या चाचणीचे आकडे हलतात.

शुद्धलेखन
विश्वकोशात ‘क्लथन’ हा चांगला शब्द आहे. अँटिबॉडीला ‘प्रतिपिंड’ रूढ आहे. त्यावरून ‘क्लथनरोधी स्वप्रतिपिंड’ असं करता येईल. परिभाषा घडवायची तर ती नीट घडवावी. पेनानं मनाला येईल ते लिहिलं की असं होतं.

गंगावेस
सर, मान ठेवून सांगतो, ‘क्लथनरोधी’ म्हटलं तरी ‘रोधी’ आलंच. जाऊबाईंनी गोळी तशीच बंद केली असती, फक्त शब्द कळायला दोन दिवस जास्त लागले असते.

आणि ‘प्रतिपिंड’ पेशंटच्या कागदावर नको. माझ्या आईच्या रिपोर्टवर तो शब्द होता. तिनं विचारलं, पिंड कुणाचा? पंचगंगेच्या घाटावर दोन महिन्यांपूर्वीच वडिलांचे पिंड ठेवून आलो होतो. कावळा शिवायला तासभर लागला होता. ‘प्रतिद्रव्य’ म्हणा, शाळेच्या पुस्तकात तेही होतं.

शुद्धलेखन
पिंड म्हणजे फक्त भाताचा गोळा नव्हे. ‘त्याचा पिंडच तसा’ म्हणतो तेव्हा घडण अभिप्रेत असते. एका प्रसंगामुळं शब्द टाकून देऊ नये. आणि द्रव्य तर कशालाही म्हणतात.

आडवाट
स्वप्रतिपिंडाला ‘घरभेदी’ कसं वाटतं? घरातलाच, घरावर उठलेला.

निळं टोपण
घरभेदी जाणून करतो. ही प्रतिपिंडं घरच्या माणसाला परका समजतात, ती ओळखीची चूक आहे. शिवाय बाईला "तुमच्या अंगात घरभेदी आहे" म्हणून सांगवत नाही हो.

गंगावेस
मला ‘गोठणे’वरच बोलायचंय. आमच्यात गोठणं थंडीचं. हात गोठतात, पाणी गोठतं. तूप थिजतं, पांढरा रस्सा ताटात राहिला तर वर थर थिजतो. रक्ती करायला बकऱ्याचं रक्त पातेल्यात धरतात. मीठ घालून ठेवलं की बघता बघता त्याचा खरवसासारखा गोळा होतो, सुरीनं वड्या पडतात. आई म्हणायची, "थांब, थिजू दे." गोठू दे असं कधी म्हणाली नाही.

पेठेतली सून
आमच्याकडं ‘साकळलं’. मुका मार लागून काळंनिळं झालं की रक्त साकळलं म्हणतो. पण ते कातडीखाली. शिरेत झालेल्याला सासूबाईसुद्धा गुठळीच म्हणतात, पिठल्यात होते तशी. हा शब्द जावेला लगेच कळला.

शुद्धलेखन
साखळणे. ‘ख’. साखळीवरून आलेला. फायब्रिनचे (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचे) कण एकात एक अडकून दोरे होतात, त्यामुळं शब्द शास्त्राशीही जुळतो.

आडवाट
फायब्रिन दिसायच्या कितीतरी आधीपासून बायका साकळलं म्हणत होत्या. साखळी नंतर सुचलेली वाटते. आमच्या गावात ‘ख’ मी एकदाही ऐकलेला नाही.

उसातला माणूस
गोठण्याचं निघालंय म्हणून सांगतो. वडलांना उसाचा पाला काढताना घोणस चावली, कागलजवळ. कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात नेलं. तिथं सिस्टरनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. २० मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. मग त्यांनी नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरनं पळालं. शेजारचा मामा म्हणाला, "गोठंना झालंय." लगेच सलाईनमधनं औषध सुरू केलं. वडील वाचले. त्यामुळं माझ्यासाठी शब्द गोठणंच. थंडीबिंडीचा संबंध नाही.

निळं टोपण
दादा, तुमची घोणस ह्या तपासणीतच आहे! ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी आम्ही जी मुख्य चाचणी लावतो ती डीआरव्हीव्हीटी, म्हणजे ‘डायल्यूट रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम’. त्यातला रसेल्स व्हायपर म्हणजे घोणसच. तिचं विष फार पातळ करून प्लाझ्मात घालतात. ते गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट जागं करतं. मग किती सेकंदात गोठतंय ते मोजायचं. चावल्यावर हेच विष अंगातले गोठवणारे घटक वापरून संपवतं, म्हणून तुमच्या वडलांच्या नळीत काही उरलंच नव्हतं.

उसातला माणूस
अंगावर काटा आला. म्हणजे ती आधी गोठवते आणि मग गोठू देत नाही?

निळं टोपण
तसंच.

आडवाट
मग रिपोर्टवर ‘घोणस-चाचणी’ लिहा की. इथं प्रत्येकाला कळेल. ‘घोणस’ आला घोणेपासून. घोणा म्हणजे नाक, मुस्कट. तिचं तोंड बघा.

शुद्धलेखन
संस्कृतात ‘गोनस’ आहे. गाईसारखं नाक असलेला. घोणेचा संबंध ओढून आणू नये.

उसातला माणूस
नाकाचं माहीत नाही. कुकरच्या शिट्टीसारखी फुस्कारते. ते एकदा ऐकलेला माणूस नाव विसरत नाही.

पेठेतली सून
सगळ्यांचं वाचलं, काल कागद केला. असा:

"ह्या तपासणीच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘गोठू न देणारं’ असा होतो. तो काचेच्या नळीपुरता खरा आहे. तुमच्या अंगात ह्यामुळं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. हे नाव वाचून रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका. दिवस राहिल्याची शंका आली तर लगेच सांगा, औषध बदलावं लागतं."

नाव देवनागरीत ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ असंच ठेवलं. मराठी नाव दिलं नाही. जावेला वाचायला दिला. तिनं दोनदा वाचला आणि म्हणाली, हे आधी का नाही लिहिलं.

शुद्धलेखन
कागद चांगला आहे. पण ‘पातळ’ खटकतं. त्या गोळीनं रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो इतकंच. तुम्ही एक चुकीचं नाव काढून दुसरं ठेवलंत.

गंगावेस
खरं आहे. आमच्या शेजारच्या आजी गोळी घेत नाहीत ती ह्यासाठीच. रक्त पातळ झालं तर अंगात ताकद कुठनं राहणार, म्हणतात.

पेठेतली सून
सासूबाईंनीही हेच विचारलं होतं, मी मनावर घेतलं नाही. पण दवाखान्यात, मेडिकलमध्ये, सगळे ‘पातळ करायची गोळी’च म्हणतात. दुसरं काही लिहिलं तर ती कुठली गोळी, हेच कळायचं नाही. ‘गुठळी होऊ न देणारी गोळी’ लिहू का?

उसातला माणूस
लिहा. आणि कंसात पातळ ठेवा.

शुद्धलेखन
कंसात नको.